‘लेन्स गेली’ म्हणण्यापूर्वी

हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली आणि तिच्याभोवतीचा सुलतान बाजारापर्यंतचा परिसर हे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या विक्रीचे शहरातील जुने केंद्र असून, रेझिस्टरपासून लाउडस्पीकरपर्यंत आणि सोल्डरच्या तारेपासून मल्टिमीटरपर्यंत दुरुस्ती करणाऱ्याला लागणारे बहुतेक सामान तेथे पायी फिरून गोळा करता येते. या बाजाराच्या आधाराने आसपास दुरुस्तीची जी लहान दुकाने उभी राहिली, त्यांच्या टेबलावर आता मुख्यतः मोबाइल फोन दिसत असले, तरी एखादा जुना पोर्टेबल सीडी प्लेअर, म्हणजे पिशवीत घालून नेता येईल असा बॅटरीवर चालणारा तबकडीवादक, अधूनमधून तेथे अजूनही येतो. प्रस्तुत लेखकाचा या कामात बराच काळ गेला असून त्यातून हाती आलेला निष्कर्ष असा की, असे यंत्र बहुतेक वेळा त्याच्या सर्वांत नाजूक आणि महागड्या भागामुळे बंद पडलेले नसते, आणि तरीही त्याच्याविषयीचा निकाल त्याच भागाच्या नावाने दिला जातो. ‘लेन्स गेली’ हा तो निकाल होय. कारागिरांच्या बोलण्यात लेन्स म्हणजे केवळ काचेचा वा प्लास्टिकचा भिंगाचा तुकडा नव्हे, तर लेसर, भिंग, प्रकाश टिपणारे डायोड आणि त्यांना हलवणारी वेटोळी असा सगळा जोडसंच. तो बदलावा लागणार असे एकदा सांगितले गेले की ग्राहक यंत्र परत नेतो आणि ते भंगारात जाते.

हे यंत्र ज्यांच्या घरी असते त्या माणसांचा थोडा विचार केल्यावाचून त्याच्या दुरुस्तीचे मोल नीट कळत नाही. हैदराबाद शहरातून हजारो कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीला गेली, आणि १९९०च्या दशकात सुटीवर येताना त्यांच्या सामानात जी इलेक्ट्रॉनिक उपकरणे असत त्यांत सीडी प्लेअरही असे. त्यामुळे जुन्या शहरातील अनेक घरांत हे यंत्र बाजारात सर्रास मिळू लागण्याआधीच पोहोचले. मराठी घरांची कहाणी वेगळी आहे. मराठवाड्याचे जिल्हे १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होते, कोठीजवळच विवेक वर्धिनीसारखी मराठी शिक्षणसंस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून उभी आहे, आणि नोकरी, वकिली, शिक्षण व व्यापार यांच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांनी आपले संगीत पुण्या-मुंबईहून आणवून जपले. गीतरामायणाच्या तबकड्यांचा संच, नाट्यपदे, अभंग आणि शास्त्रीय गायनाची ध्वनिमुद्रणे या घरांत असतात. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला सीडीचे विशेष आकर्षण वाटण्याचे कारण तांत्रिक आहे: दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटे आणि साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर तीस मिनिटे मावत असताना, सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटांपर्यंतचे संगीत अखंड मावते, त्यामुळे विलंबित ख्याल आणि त्यानंतरची द्रुत बंदिश मध्ये तबकडी न उलटता ऐकता येते. याखेरीज २०००च्या सुमारास घरच्या संगणकावर सीडी लिहिण्याची सोय झाली, तेव्हा अनेकांनी घरगुती मैफली, आजोबांचे कीर्तन, लग्नातील मंगलाष्टके यांच्या कॅसेट अशा कोऱ्या तबकड्यांवर उतरवून घेतल्या. यांतील काही ध्वनिमुद्रणे जगात दुसऱ्या कोठेही नसतात, आणि मोबाइलवर हवे ते गाणे मिळत असतानाही माणसे हे यंत्र दुरुस्तीला का आणतात याचे उत्तर बहुधा त्यांत असते.

सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे मानक ठरवले आणि सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला वादक ऑक्टोबर १९८२मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. त्याची किंमत १,६८,००० येन होती आणि तो घरातील एका जागी ठेवायचा जड पेटारा होता. पुढे दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८४मध्ये, त्याच कंपनीने ४९,८०० येनला डी-५० हा पोर्टेबल वादक आणला. त्याच्या घडणीच्या वेळी चार सीडींच्या डब्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा अभियंत्यांपुढे ठेवला गेला होता आणि सगळे यंत्र त्या मापात बसवण्याचे बंधन त्यांच्यावर होते. या बंधनाचे परिणाम पुढच्या सर्व पोर्टेबल यंत्रांच्या वाट्याला आले: मोटर लहान, दाते प्लास्टिकचे, जोडपट्ट्या कागदासारख्या पातळ आणि कपॅसिटर बोटाच्या नखाहून लहान. घरगुती वादकाच्या पोटात जेथे मोकळी हवा असते तेथे पोर्टेबल यंत्रात दुसरा भाग असतो, आणि म्हणून त्याची दुरुस्ती त्याच तत्त्वावर चालणाऱ्या मोठ्या यंत्राच्या दुरुस्तीहून अवघड ठरते.

तबकडी कशी वाचली जाते हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण दोष शोधण्याची सगळी रीत त्यावर उभी आहे. सीडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या आत, वरच्या बाजूला, सूक्ष्म खळग्यांची एक सलग सर्पिल वाट असते. वाटेच्या दोन शेजारी फेऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक. ही वाट मध्यापासून सुरू होऊन कडेकडे जाते. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर खालून या वाटेवर केंद्रित होतो, खळगा आणि सपाट भाग यांवरून परतणाऱ्या प्रकाशातील फरक डायोड टिपतात आणि त्यातून दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने परत मिळवले जातात. वाचनाचा वेग सर्वत्र सारखा राहावा म्हणून तबकडी मध्याजवळ वाचताना मिनिटाला सुमारे ५०० फेरे आणि कडेला सुमारे २०० फेरे घेते. फिरताना ती मिलिमीटरच्या काही दशांशांनी वरखाली होत असते, आणि भिंगाला मात्र एक-दोन मायक्रॉनच्या मर्यादेत तिचा पाठलाग करावा लागतो. म्हणून ते भिंग तारांवर तरंगत ठेवलेले असते आणि दोन वेटोळी त्याला वर-खाली व आडवे हलवत राहतात. एवढे काम दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राकडून अपेक्षिले गेले, आणि ते त्याने वर्षानुवर्षे चोख केले, ही गोष्ट या यंत्राविषयी आदर वाटावा अशीच आहे.

झाकण बंद करून वाजवण्याची कळ दाबली की यंत्र एका ठराविक क्रमाने कामाला लागते, आणि हा क्रम ज्याला पाठ आहे त्याला बहुतेक दोष पाना हातात घेण्याआधीच कळतो. प्रथम झाकणाखालचा लहानसा स्विच दाबला गेला आहे की नाही हे पाहिले जाते. तो नसेल तर पुढे काहीच होत नाही. नंतर वाचणारा जोडसंच सरकत मध्याकडे येतो आणि तेथील मर्यादा-स्विचला टेकतो. मग लेसर पेटतो आणि भिंग दोन-तीन वेळा वर-खाली होऊन तबकडीचा पृष्ठभाग शोधते. पृष्ठभाग सापडला, म्हणजे पुरेसा प्रकाश परत आला, तरच तबकडी वेगाने फिरू लागते. त्यानंतर यंत्र मध्याजवळ लिहिलेली अनुक्रमणिका वाचते, म्हणजे तबकडीवर किती ध्वनिमुद्रणे आहेत आणि ती कोठून सुरू होतात याची यादी, आणि तेवढे झाले की पडद्यावर आकडे उमटतात. यांपैकी कोणत्या पायरीवर यंत्र अडले हे ज्याने डोळ्यांनी पाहिले व कानाने ऐकले, त्याने निम्मे काम केले असे समजावे. भिंग हललेच नाही तर दोष जोडपट्टीत, वेटोळ्यात वा वीजपुरवठ्यात असतो. भिंग हलले, पण तबकडी फिरली नाही, तर भिंगावर धूळ आहे किंवा लेसर क्षीण झाला आहे. तबकडी फिरली, पण आकडे उमटले नाहीत, तर वाटेचा माग धरला जात नाही. पहिली चार गाणी नीट वाजून पाचव्याला यंत्र अडखळले, तर लेसरचा विचार बाजूला ठेवून जोडसंच सरकवणाऱ्या दात्यांकडे पाहावे.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. हा लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तिरक्या कोनातून पाहिल्यास भिंगाच्या मध्यावर एक फिकट तांबडा ठिपका तेवढा जाणवतो. दिसतो तो ठिपका प्रकाशाचा अगदी अल्प अंश असतो, म्हणून तो मंद दिसला तरी भिंगावर सरळ वाकून पाहणे धोक्याचे आहे, आणि तो ठिपका दिसला यावरून लेसरची ताकद शाबूत आहे असेही ठरत नाही. झाकणाचा स्विच सुतळीने वा कागदाच्या बोळ्याने कायमचा दाबून ठेवण्याची युक्ती बाजारात चालते. यंत्र वापरणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षण तोच स्विच करत असल्यामुळे ती युक्ती या लेखकाने कधीही योग्य मानली नाही. झाकणाचा मोडलेला प्लास्टिकचा खिळा इपॉक्सीने पुन्हा घडवता येतो, आणि तसे करण्यास अर्धा तासही लागत नाही.

बंद म्हणून आलेल्या यंत्रांत सर्वाधिक आढळणारा दोष वीजपुरवठ्याचा होय, आणि त्याचे मूळ अनेकदा यंत्राच्या बाहेर असते. आपल्याकडे स्वस्त मिळणारे पेन्सिल सेल झिंक-कार्बन जातीचे असतात; घड्याळ वा टीव्हीचा रिमोट यांना ते उत्तम पुरतात, परंतु तबकडी फिरवणारी मोटर सुरू होताना जो प्रवाह मागते तो देताना त्यांचा दाब खाली बसतो, यंत्र क्षणभर चालू होऊन बंद पडते आणि घरचे लोक समजतात की यंत्रच गेले. चांगले अल्कलाइन किंवा पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घालून पाहणे ही म्हणून पहिली परीक्षा. ‘होल्ड’ नावाची जी कळ इतर सर्व कळांना कुलूप लावते, ती चुकून सरकलेली नाही ना हे पाहणे ही दुसरी. सेल वर्षानुवर्षे आत राहून गळले असतील, तर स्प्रिंगांवर आलेली पांढरी वा हिरवट बुरशीसारखी पुटे कोणत्या जातीच्या सेलची आहेत हे पाहावे लागते: अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा अल्कधर्मी पदार्थ झिरपतो आणि तो व्हिनेगर वा लिंबाच्या रसाच्या बोळ्याने निघतो, तर झिंक-कार्बन सेलचा स्राव आम्लधर्मी असल्यामुळे तेथे खाण्याच्या सोड्याचे पाणी लागते. दोन्ही प्रकारांत शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जागा कोरडी करावी लागते. ओल राहिली तर तांब्याच्या रेषा खालून खाल्ल्या जातात आणि काही महिन्यांनी तेच यंत्र पुन्हा टेबलावर येते.

अडॅप्टरचा प्रश्न याहून गंभीर आहे. पोर्टेबल सीडी प्लेअर बहुधा साडेचार व्होल्टवर चालतात, परंतु निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत जोडणीच्या मध्यभागी धन टोक असावे की ऋण, याबाबत एकवाक्यता नव्हती. शिवाय पदपथावर मिळणारे बहुदाबी अडॅप्टर आकड्यावर साडेचार दाखवत असले, तरी भार नसताना सहा-सात व्होल्टही देतात. हे दोन्ही घात एका खुंटीतून यंत्रात शिरतात. यंत्राच्या नशिबाने बहुतेक वेळा आतील नखाएवढा फ्यूज जळतो आणि बाकी सारे वाचते. तो फ्यूज मल्टिमीटरने शोधून बदलला की ‘मेलेले’ यंत्र लगेच उठते. गुजराती गल्लीत तसा फ्यूज मिळण्यास अडचण पडत नाही. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा सोल्डर करून काम भागवण्याची सवय मात्र घातक आहे, कारण पुढचा चुकीचा अडॅप्टर मग थेट नियंत्रक चिपपर्यंत पोहोचतो आणि तशी चिप कोणत्याही गल्लीत मिळत नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी बनलेल्या अनेक यंत्रांत आणखी एक आजार ठरलेला आहे. त्या काळातील पृष्ठभागावर चिकटवायचे लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युत्भार साठवणाऱ्या द्रवयुक्त डब्या, वयोमानाने तळातून पाझरतात; सोल्डरिंगचे गरम टोक लागताच मासळीसारखा वास येतो आणि त्या वासावरून दोष निश्चित होतो. आवाज बारीक येणे, एक कान मुका होणे, यंत्र तापल्यावर सुरू होणे आणि थंड असताना न होणे ही त्याची लक्षणे आहेत. असे सर्व कपॅसिटर एकाच वेळी बदलावेत, आणि तत्पूर्वी खालची सर्किटची पाटी धुऊन घ्यावी. हे काम चिकाटीचे आहे, त्यात कित्येक तास जातात, आणि यंत्राच्या आजच्या बाजारभावाशी त्याचा हिशेब जुळत नाही. ग्राहकाला हे आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे, आणि सांगूनही तो हो म्हणाला तर ते मन लावून केले पाहिजे.

आता भिंगाकडे वळता येईल. हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यातील बारीक धूळ झाकणाच्या फटीतून आत जाते आणि भिंगावर बसते. तबकडीवरील धूळ आणि भिंगावरील धूळ यांत फार मोठा फरक आहे. तबकडीच्या खालच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत अजून केंद्रित झालेला नसतो, तेथे त्याची रुंदी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे एखादा कण वा ओरखडा त्यातला थोडाच प्रकाश अडवतो. वर सीडीच्या मानकातील दोषसुधारणेची पद्धत अशी आहे की, वाटेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग नष्ट झाला तरी तो गणिताने जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. भिंगावरील धूळ मात्र प्रत्येक क्षणी प्रत्येक तबकडीच्या आड येते. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून, भिंगाला न दाबता, गोल फिरवून पुसणे एवढेच काम असते. अत्तर, थिनर किंवा घरातील चष्मा पुसण्याचे कोणतेही द्रव वापरू नये, कारण भिंग बहुधा प्लास्टिकचे असते आणि त्यावर प्रकाशाचे परावर्तन कमी करणारा मुलामा असतो. ‘लेन्स गेली’ असे सांगून परत पाठवलेली यंत्रे एवढ्या पुसण्याने पुन्हा वाजताना पाहणे हा या कामातील नेहमीचा आनंद आहे.

जोडसंच सरकवणाऱ्या दात्यांवरील वंगण कारखान्यातून निघताना मऊ असते आणि दोन दशकांनी मेणासारखे घट्ट होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात माळ्यावर पडलेल्या यंत्रात ही प्रक्रिया आणखी लवकर होते. तबकडीच्या आरंभी सगळे ठीक आणि शेवटाकडे अडखळ, हे त्याचे लक्षण वर आलेच आहे. जुने वंगण अल्कोहोलने पूर्ण काढून प्लास्टिकला चालणारे नवे वंगण टाचणीच्या टोकाने लावावे. शिवणयंत्राचे तेल घालू नये, ते पसरून भिंगापर्यंत जाते.

सर्वांत अधिक नुकसान मात्र धूळ, उष्णता वा वय यांनी होत नसून एका छोट्या पेचाने होते. जोडसंचाच्या अंगावर लेसरचा प्रवाह ठरवणारा एक बारीक फिरता रेझिस्टर असतो. कारागीर त्याला प्रीसेट म्हणतात. तो थोडा फिरवला की क्षीण लेसर अधिक प्रखर होतो, यंत्र वाजू लागते, ग्राहक पैसे देऊन समाधानाने जातो, आणि काही आठवड्यांत लेसर कायमचा विझतो, कारण वाढीव प्रवाहात लेसर डायोडचे उरलेले आयुष्य झपाट्याने सरते. धूळ न पुसता थेट प्रीसेट फिरवणे हा या धंद्यातील सर्वांत वाईट अपराध आहे असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे, कारण त्याने चांगला लेसर मारला जातो आणि दोष मात्र वयाच्या माथी जातो. लेसर खरोखर थकला आहे का, हे मोजून ठरवता येते: काही जोडसंचांवर त्या नगाचा मूळ प्रवाह मिलीअँपिअरमध्ये छापलेला असतो, पाटीवरील ठराविक रेझिस्टरच्या दोन टोकांमधील दाब मोजून आजचा प्रवाह काढता येतो, आणि तो मूळ आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढलेला असेल तर लेसर उतरणीला लागला असे समजतात. मोजल्यावाचून ‘लेन्स गेली’ म्हणणे म्हणजे नाडी न पाहता मृत्यूचा दाखला लिहिणे होय.

परीक्षेच्या वेळी धक्कारोधक सोय बंद ठेवावी, हा नियमही फारसा पाळला जात नाही. चालताना यंत्र हलले तरी गाणे तुटू नये म्हणून १९९०च्या दशकात या यंत्रांत स्मृतिचिप आली. यंत्र तबकडी जवळजवळ दुप्पट वेगाने वाचते, काही सेकंदांचे संगीत आधीच साठवते आणि वाचन चुकले तर साठ्यातून वाजवत असताना मागे जाऊन पुन्हा वाचते. प्रवाशाच्या दृष्टीने ही सोय मोठी असली तरी कारागिराच्या दृष्टीने ती दोषावर पांघरूण घालते, आणि दुकानात छान वाजलेले यंत्र सेल थोडे उतरताच घरी अडखळते. सोय बंद करून, तबकडीचे पहिले आणि अखेरचे ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकून, शक्य तर शेवटाकडे चौऱ्याहत्तर मिनिटांच्या जवळ जाणारी तबकडी लावून मगच यंत्र ग्राहकाच्या हाती द्यावे.

मोजून, पुसून, सगळे करूनही लेसर गेला आहे असे सिद्ध झाले, तर पुढे काय, हा प्रश्न पोर्टेबल यंत्रांच्या बाबतीत कठीण आहे. मोठ्या घरगुती वादकांत वापरले गेलेले काही जोडसंच इतक्या असंख्य यंत्रांत बसवले गेले की त्यांच्या नकला चीनमध्ये आजही बनतात आणि हैदराबादच्या बाजारातही मिळतात. पोर्टेबल यंत्रांचे पातळ जोडसंच मात्र ठराविक नमुन्यांपुरतेच बनले आणि त्यांचे उत्पादन थांबले. अशा वेळी एकच स्रोत उरतो, तो म्हणजे त्याच नमुन्याचे दुसरे बंद यंत्र, ज्याचा लेसर शाबूत आहे पण पाटी, पडदा वा झाकण गेले आहे. दर रविवारी भरणारा एर्रागड्ड्याचा जुन्या वस्तूंचा बाजार आणि पुराना पूलजवळचा जुमेरात बाजार, म्हणजे गुरुवारचा बाजार, ही त्यासाठी हिंडण्याची ठिकाणे आहेत. चादरीवर पसरलेल्या चार्जर, रिमोट आणि घड्याळांच्या ढिगातून असे यंत्र उचलताना दोन गोष्टी पाहाव्यात: पेचांच्या खाचा कोऱ्या आहेत का, कारण कोऱ्या खाचा म्हणजे आत कोणी प्रीसेट फिरवलेला नाही, आणि सेलच्या खणात गळतीचे डाग आहेत का. खणातील डागांचे यंत्रही जोडसंचासाठी घेण्याजोगे असते, कारण गळती लेसरपर्यंत क्वचितच जाते. त्याउलट बाहेरून लखलखीत आणि पेच झिजलेले यंत्र टाळावे.

जोडसंच बदलताना एक बारकावा जीवघेणा ठरतो. लेसर डायोड अंगातील स्थिर विजेच्या एका स्पर्शाने मरतो. म्हणून काही नवे जोडसंच येतात तेव्हा त्यांच्या पाटीवर दोन बिंदू सोल्डरच्या थेंबाने जाणूनबुजून जोडलेले असतात, जेणेकरून डायोडची दोन्ही टोके समान पातळीवर राहावीत. जोडपट्टी यंत्रात बसवल्यानंतरच तो थेंब काढायचा असतो. थेंब आधी काढला तर नवा जोडसंच लागण्यापूर्वीच जाऊ शकतो, आणि थेंब काढायचा राहिला तर लेसर पेटतच नाही व चांगला जोडसंच नासका म्हणून परत केला जातो. जुन्या यंत्रातून जोडसंच काढतानाही पट्टी सोडवण्याआधी हाच थेंब स्वतः घालावा. हैदराबादच्या कोरड्या हिवाळ्यात, कृत्रिम धाग्याचा स्वेटर घालून टेबलाशी बसलेल्या माणसाने मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधण्याचा कंटाळा करू नये.

यंत्र बदलण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अलीकडे चीनमधील काही कंपन्यांनी पुन्हा नवे पोर्टेबल सीडी प्लेअर काढले आहेत. त्यांना मोबाइलच्याच चार्जरने वीज भरता येते आणि ब्लूटूथने बिनतारी हेडफोन जोडता येतो. ते चांगले आहेत, महाग आहेत, आणि ज्याला नियमितपणे चालताफिरता ऐकायचे आहे त्याने ते घ्यावेत. घरात बसून ऐकणाऱ्याला मात्र याहून सोपा मार्ग आहे. रद्दीच्या भावाने मिळणारे जुने डीव्हीडी प्लेअर सीडी उत्तम वाचतात, त्यांचे जोडसंच सहज मिळतात आणि त्यांच्या पोटात कारागिराच्या बोटांना जागा असते. गीतरामायणाचा संच ऐकण्यासाठी दारात आलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थांना, त्यांच्या मुलाने जेद्दाहून आणलेले यंत्र परत देताना, आता हे बरे होणार नाही आणि त्याऐवजी हे घ्या, असे सांगावे लागते. तेव्हा मोजलेला आकडा त्यांना दाखवावा, प्रवाह म्हणजे काय ते दोन वाक्यांत समजावून द्यावे आणि यंत्र त्यांना हवे असेल तर परत नेऊ द्यावे. २०२३च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमून त्याच वर्षाअखेर त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. परंतु ज्यांचे उत्पादन केव्हाच थांबले त्या यंत्रांना या दोन्हींचा प्रत्यक्ष उपयोग अल्प आहे. त्यांचे सुटे भाग टिकवण्याचे काम एर्रागड्ड्याच्या चादरी आणि कारागिरांचे डबे हेच करत आले आहेत.

घरी लिहिलेल्या तबकड्यांचा प्रश्न यंत्राच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा आहे. कारखान्यात ठसे उमटवून बनलेल्या सीडीत खळगे प्लास्टिकमध्येच घडवलेले असतात, तर घरी लिहिलेल्या तबकडीत सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने खुणा केलेल्या असतात, आणि तो रंग ऊन, उष्णता व काळ यांनी फिका पडतो. ज्या तबकड्यांवर पुन्हा पुन्हा लिहिता येते त्या तर याहूनही कमी प्रकाश परत पाठवतात, म्हणून जुनी यंत्रे त्या वाचतच नाहीत. एमपीथ्री स्वरूपात गाणी भरलेली तबकडीही अशा यंत्राला कळत नाही. ग्राहक अशी तबकडी घेऊन येतो आणि यंत्र नादुरुस्त आहे असे सांगतो, तेव्हा दुकानातली ठसे उमटवलेली एखादी सीडी लावून पाहावी. ती वाजली तर दोष ग्राहकाच्या तबकडीत आहे. तिच्या चकचकीत खालच्या बाजूपेक्षा लेबलाच्या बाजूला अधिक जपावे लागते, कारण परावर्तक थर तेथे लाखेच्या पातळ मुलाम्याखालीच असतो, आणि बॉलपेनने लिहिलेले नाव त्याला आरपार जखम करू शकते. अशी एकमेव तबकडी हाती आली की कारागिराने यंत्र उघडण्याआधी संगणकाच्या चांगल्या ड्राइव्हवर, प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचून पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरने, तिची संकुचित न केलेली प्रत काढून घ्यावी, ती प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यास ग्राहकाला सांगावे, आणि त्यानंतरच सीडी प्लेअरचा पहिला पेच सैल करावा.